अमेरिकेतल्या क्लिनिकचं बिलिंग पुण्यात होतं, तेव्हा हिपा कोणाकोणाला लागू होतो?

हिपा म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकेचा कायदा. प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बारा जणांचं मेडिकल बिलिंगचं, म्हणजे दवाखान्यांच्या वतीने विमा कंपन्यांकडे पैशांचे क्लेम पाठवायचं, ऑफिस आहे. न्यू जर्सीतल्या एका डेंटल क्लिनिकचं काम मिळण्याच्या बेतात आहे आणि त्यांनी सहीसाठी ‘बिझनेस असोसिएट ॲग्रीमेंट’, म्हणजे पेशंटची माहिती कशी सांभाळायची याचा करार, पाठवलंय. सीए म्हणतात, अमेरिकेचा कायदा इथे चालत नाही, सही करून टाका. भागीदाराची बहीण तिथल्याच एडिसनला राहते. तिच्या ऑफिसच्या एचआरने आजारपणाच्या रजेसाठी डॉक्टरचं पत्र मागितलं, तेव्हा ती म्हणाली की हा हिपाचा भंग आहे. शिवाय हेच ऑफिस मधुमेहींसाठी रोजची साखर नोंदवायचं एक ॲप बनवतंय. या सगळ्यात हिपा नेमका कोणाला पाळावा लागतो?

आधी सरळ उत्तर देते, कारणं नंतर. क्लिनिकला लागू आहे. तुम्हाला लागू आहे. तुम्ही ज्यांना पुढे काम द्याल त्यांनाही लागू आहे. बहिणीच्या एचआरला लागू नाही. ॲपला आज लागू नाही, पण ते तुम्ही कोणाला विकता यावर उद्या लागू होऊ शकतो. आणि सीएंचं ‘सही करून टाका’ हे वाक्य या सगळ्यात सर्वांत धोक्याचं आहे.

मी पुण्या-मुंबईतल्या बिलिंग आणि कोडिंगच्या (आजारांना आणि उपचारांना ठरावीक कोड देण्याच्या) कंपन्यांसाठी कंप्लायन्सचं काम बघते. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एकच समज पक्का बसलेला असतो: माहिती आजारपणाची असली की हिपा लागला. तसं नाही. हा कायदा माहितीला चिकटून तिच्यामागे फिरत नाही. ती माहिती कोणाच्या हातात आहे आणि त्याने ती कोणाच्या वतीने घेतली आहे, हे तो बघतो. तुमच्या मधुमेहाचा तोच रिपोर्ट डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर असताना हिपाखाली असतो. तुम्ही तो घरी आणून फेसबुकवर टाकलात तर तिथे हिपा नाही. शेजारणीने तुमच्या ऑपरेशनची बातमी सोसायटीभर केली, तरी हिपा नाही. वागणं वाईटच, पण कायदा वेगळा.

असं का, हे कायद्याच्या जन्मात आहे. १९९६ साली अमेरिकेच्या संसदेने तो केला तेव्हा मुख्य काळजी विम्याची होती: नोकरी बदलली तरी विम्याचं संरक्षण तुटू नये, आणि विम्याचे कागदी व्यवहार एकसारख्या इलेक्ट्रॉनिक नमुन्यात यावेत. क्लेम तारेवरून जायला लागले की रुग्णाची माहितीही तारेवरून जाणार, म्हणून गोपनीयतेचे नियम मागाहून त्याला जोडले गेले. प्रायव्हसी रूल पाळणं एप्रिल २००३ पासून बंधनकारक झालं, सिक्युरिटी रूल एप्रिल २००५ पासून. म्हणजे मुळात हा विम्याच्या व्यवहारांचा कायदा आहे, आणि तो कोणाला लागतो हे ठरवणारी व्याख्याही त्या व्यवहारांवरच उभी आहे.

त्या व्याख्येत तीन प्रकारच्या संस्था थेट येतात. त्यांना ‘कव्हर्ड एंटिटी’ म्हणतात. पहिला प्रकार आरोग्य विमा योजनांचा: खासगी विमा कंपन्या, मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीची सरकारी योजना), मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी योजना), आणि कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या योजना. पन्नासपेक्षा कमी सभासद असलेली आणि मालकाने स्वतःच चालवलेली योजना यातून सुटते. जीवन विमा, गाडीचा विमा, कामगार नुकसानभरपाईचा विमा हे या व्याख्येत नाहीत. पुष्कळांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, कारण त्या कंपन्यांकडेही वैद्यकीय कागदांची चळत असते.

दुसरा प्रकार क्लिअरिंगहाऊसचा. बिलिंगमधल्या माणसाला हे सांगायला नको. क्लेम आपल्याकडून निघतो आणि त्यांच्यामार्फत विमा कंपनीकडे पोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या मोठ्या क्लिअरिंगहाऊसवर सायबर हल्ला झाला, सुमारे १९ कोटी लोकांची माहिती त्यात अडकली. मध्ये उभ्या असलेल्या या एका दुव्याकडे केवढी माहिती साठलेली असते, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

तिसरा प्रकार म्हणजे डॉक्टर, डेंटिस्ट, दवाखाने, प्रयोगशाळा, फार्मसी. इथे एक अट आहे आणि तुमच्या प्रश्नाची मेख तिथेच आहे. डॉक्टर असणं पुरेसं नाही. क्लेम, पेशंटच्या पात्रतेची चौकशी, क्लेमच्या स्थितीची विचारणा, पूर्वपरवानगी असे ठरावीक व्यवहार जो इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतो, तोच हिपाखाली येतो. फक्त रोख घेणारा, विम्याशी काडीचा संबंध न ठेवणारा एखादा समुपदेशक किंवा कॉस्मेटिक डेंटिस्ट अमेरिकेतसुद्धा हिपाच्या बाहेर असू शकतो. मात्र हे व्यवहार डॉक्टरने स्वतःच्या हाताने करायला हवेत असं नाही. त्याच्या वतीने एखाद्या बिलिंग सर्व्हिसने केले, तरी ते त्याचेच धरले जातात. तुमच्या क्लिनिकमध्ये समजा आजवर सगळं कागदावर चालायचं आणि पहिला इलेक्ट्रॉनिक क्लेम तुमच्या पुण्यातल्या टेबलावरून गेला, तर त्या क्षणी ते क्लिनिक कव्हर्ड एंटिटी झालं. आणि एकदा झालं की फक्त त्या क्लेमपुरतं नाही. त्याच्याकडची पेशंटची सगळी ओळखता येणारी माहिती, कागदावरची आणि तोंडी सांगितलेलीसुद्धा, कायद्याखाली आली.

आता तुमच्याकडे येते. कव्हर्ड एंटिटीच्या वतीने जो कोणी पेशंटची माहिती तयार करतो, घेतो, साठवतो किंवा पाठवतो, तो ‘बिझनेस असोसिएट’. बिलिंग कंपनी हे याचं अगदी नेमकं उदाहरण. कायद्याच्या व्याख्येत बिलिंग शब्दशः लिहिलेलं आहे. तसेच कोडिंग, ट्रान्सक्रिप्शन (डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करणं), क्लेमचं विश्लेषण, क्लिनिकचा वकील किंवा हिशेबनीस त्याला पेशंटची माहिती बघावी लागत असेल तर, डेटा साठवणारी क्लाउड कंपनी. क्लाउडवाल्याकडे माहिती कुलूपबंद आहे आणि किल्ली त्याच्याकडे नाही, तरी तो बिझनेस असोसिएटच, असं अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केलंय. उलट पाकीट नुसतं पोचवणारं टपाल खातं, कुरिअर, इंटरनेटची लाइन देणारी कंपनी हे नाहीत. ऑफिस झाडणाऱ्या मावशीही नाहीत, कारण माहिती हाताळणं हे त्यांचं कामच नाही. पण त्यांना टेबलावर ती दिसू नये ही जबाबदारी तुमची.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. बिझनेस असोसिएट हे पद सहीने मिळत नाही, कामाने मिळतं. २००९ च्या ‘हायटेक’ नावाच्या कायद्याने आणि त्यावरच्या २०१३ च्या नियमांनी बिझनेस असोसिएटवर थेट जबाबदारी टाकली. त्याआधी तो फक्त कराराने बांधलेला असायचा. आता करार झालेला नसला तरी, काम करणारा त्या कामामुळेच बांधला जातो. करार नसणं हा उलट आणखी एक भंग ठरतो, क्लिनिकचाही. त्यामुळे ‘आम्ही अजून सही केली नाही, फक्त ट्रायलसाठी दहा क्लेम बघतोय’ हे मी ऐकते तेव्हा मला खरंच काळजी वाटते. ट्रायलमधले पेशंट खरे असतात.

करार नसताना काय होतं, त्याचं एक प्रकरण मला नेहमी सांगावंसं वाटतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले ऑर्थोपेडिक या हाडांच्या दवाखान्याने जुन्या एक्स-रे फिल्म्स एका कंपनीला दिल्या. कंपनीने त्यांचे इलेक्ट्रॉनिक फोटो करून द्यायचे आणि मोबदल्यात फिल्मवरची चांदी काढून घ्यायची, असं ठरलं होतं. १७,३०० पेशंटची माहिती त्या फिल्म्सबरोबर गेली आणि करार झालाच नव्हता. २०१६ मध्ये दवाखान्याला साडेसात लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. आपल्याकडेही जुन्या फिल्म्स भंगारात जातात त्या चांदीसाठीच; त्यांच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव असतं, ते कोणी बघत नाही.

त्याच वर्षी बिझनेस असोसिएटवर थेट कारवाई होऊन झालेली पहिली तडजोडही समोर आली. फिलाडेल्फियातल्या एका संस्थेकडे नर्सिंग होम्सचं व्यवस्थापन आणि आयटीचं काम होतं. तिच्या कर्मचाऱ्याचा कंपनीने दिलेला आयफोन चोरीला गेला; त्यावर ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. ४१२ रहिवाशांची माहिती आणि साडेसहा लाख डॉलर. एक फोन.

आता काम एकाकडून दुसऱ्याकडे देण्याच्या साखळीकडे. २००३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयाला कराचीतल्या एका ट्रान्सक्रिप्शनवालीचा ईमेल आला: माझे पैसे मिळाले नाहीत, ते मिळवून द्या, नाहीतर पेशंटची कागदपत्रं इंटरनेटवर टाकते. सोबत नमुन्याला खऱ्या पेशंटचे कागद जोडले होते. रुग्णालयाला ती बाई कोण हेच माहीत नव्हतं. त्यांनी काम जवळच्याच एका कंपनीला दिलं होतं. तिने फ्लोरिडातल्या कोणाला दिलं, तिथून ते टेक्सासला गेलं आणि टेक्सासहून कराचीला. प्रत्येक टप्प्यावर ओळीमागचा दर कमी होत गेला आणि शेवटच्या बाईच्या हातात पैसेच पडले नाहीत. काही पैसे मिळाल्यावर तिने धमकी मागे घेतली. पण वरच्या माणसाला खालचा माणूस ठाऊकच नाही, ही परिस्थिती आजही बिलिंगच्या धंद्यात तशीच दिसते. २०१३ च्या नियमांनी याचं उत्तर दिलं: पोटकंत्राटदारसुद्धा बिझनेस असोसिएट, त्याचा पोटकंत्राटदारही, साखळी जाईल तिथपर्यंत. आणि प्रत्येकाने आपल्या खालच्याशी लेखी करार करायचा.

तुमच्या ऑफिसात ही साखळी कुठे कुठे जाते ते शोधा. नाशिकहून घरी बसून कोडिंग करणारी मुलगी तुमच्या पगारावर, तुमच्या देखरेखीखाली, तुम्ही दिलेल्या मशीनवर काम करत असेल तर ती तुमच्या ‘वर्कफोर्स’मध्ये मोडते, तिच्याशी वेगळा हिपा करार नको, पण प्रशिक्षण आणि नियम हवेत. तीच मुलगी स्वतःचा धंदा म्हणून चार कंपन्यांचं काम स्वतःच्या लॅपटॉपवर करत असेल तर ती पोटकंत्राटदार, करार हवाच. तुमच्या सर्व्हरवर रिमोटने शिरणारा आयटीवाला, कॉल रेकॉर्ड करणारी कंपनी, स्क्रीनशॉट साठवणारी वेबसाइट, सगळ्यांकडे एकदा या नजरेने बघा.

आणि एक साखळी मालकांच्या लक्षातच येत नाही. पुष्कळ जण डॉलरमध्ये पैसे घ्यायला डेलावेअर किंवा न्यू जर्सीत एक एलएलसी (मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी) काढतात. क्लिनिकचा करार त्या एलएलसीशी होतो आणि काम पुण्याची प्रायव्हेट लिमिटेड करते. मालक एकच असला तरी कायद्याच्या दृष्टीने या दोन संस्था आहेत. एलएलसी बिझनेस असोसिएट, पुण्याची कंपनी तिची पोटकंत्राटदार. त्या दोघींमध्येही करार हवा. स्वतःशीच करार कशाला, असं म्हणून हसणारे मालक मी पाहिलेत. क्लाएंटच्या ऑडिटरने तोच कागद पहिल्यांदा मागितलेलाही पाहिलाय.

सीएंच्या मुद्द्यात तथ्य किती? हिपाची अंमलबजावणी अमेरिकेच्या आरोग्य खात्याचं ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स करतं. त्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येऊन दंड वसूल करणं सोपं नाही, हे खरं. पण म्हणून तुम्ही मोकळे झालात असं नाही. ते खातं क्लिनिकला धरेल, तुमच्या एलएलसीला धरेल. क्लिनिक तुम्हाला करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमाने धरेल, आणि त्या कलमात बहुधा पेशंटना पत्रं पाठवण्यापासून वकिलाच्या फीपर्यंत सगळा खर्च तुमच्यावर घातलेला असतो. म्हणूनच ‘सही करून टाका’ मला धोक्याचं वाटतं. ज्या कागदावर तुमची खरी जबाबदारी लिहिलीय, तोच न वाचता सही करायचा सल्ला आहे तो.

इथला कायदाही अगदी बाजूला बसलेला नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात परदेशी क्लाएंटशी करार करून परदेशातल्या लोकांची माहिती भारतात हाताळणाऱ्यांना बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, हे कलम १७ मध्ये वाचायला मिळेल. पण माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यायची जबाबदारी त्या सुटीतून मुद्दाम बाहेर ठेवलीय, आणि त्या कसुरीच्या दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. तयारी आत्ताच सुरू करा. शिवाय काम करताना हाती आलेली माहिती करार मोडून, फायद्यासाठी किंवा कोणाचं नुकसान करायला बाहेर देणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे तुमच्या ऑफिसातल्या मुलांना प्रशिक्षणात सांगा. अमेरिकेच्या दंडापेक्षा हे त्यांना चटकन समजतं.

लागू होतो म्हणजे तुम्ही करायचं काय? सिक्युरिटी रूल जवळजवळ पूर्ण पाळायचा: धोक्यांचं लेखी मूल्यमापन, प्रत्येकाला वेगळा लॉगिन, काम सोडलेल्याचा लॉगिन त्याच दिवशी बंद, प्रशिक्षण, नियम मोडणाऱ्यावर काय कारवाई होईल ते लिहिलेलं, सुरक्षिततेसाठी नेमलेला एक माणूस, आणि ही कागदपत्रं सहा वर्षं सांभाळणं. बारा जणांच्या ऑफिसलाही यातून सुटका नाही; नियम आकारानुसार साधन निवडायची मुभा देतो, काम टाळायची नाही. प्रायव्हसी रूल मात्र तुम्हाला अर्धाच लागतो. पेशंटला गोपनीयतेची सूचना देणं वगैरे क्लिनिकचं काम. तुम्ही करारात परवानगी असेल तेवढाच वापर करायचा आणि कामाला लागेल तेवढीच माहिती बघायची.

हे ‘लागेल तेवढीच’ प्रत्यक्षात कुठे मोडतं ते सांगते, कारण इथेच सगळं घडतं. रात्रीची शिफ्ट, डी२७४० चा क्लेम नाकारला गेलाय, म्हणजे दातावर बसवायची सिरॅमिकची टोपी (क्राउन), दात क्रमांक ३०. मुलाला नाकारण्याचं कारण कळत नाही. तो ईओबीचा (क्लेमचं काय झालं ते सांगणाऱ्या विमा कंपनीच्या कागदाचा) फोटो मोबाइलवर काढतो आणि टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो: ‘सर, हे बघा ना.’ त्या फोटोत पेशंटचं नाव, जन्मतारीख, मेंबर आयडी, क्लिनिकचं नाव आणि उपचार, सगळं आहे. मुलाच्या मनात वाईट काही नाही. काम अडू नये हीच त्याची धडपड. पण माहिती आता त्याच्या स्वतःच्या फोनच्या गॅलरीत आहे, ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, आणि कोणाच्या तरी आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्येही. फुकटच्या जीमेलसाठी गूगल हिपाचा करार करत नाही, आणि खासगी व्हॉट्सॲप ग्रुपही या कामासाठी नाही. ‘आजाराचं निदान कुठे लिहिलंय, नुसता दात आहे’ हा बचाव चालत नाही. ही बाई त्या क्लिनिकची पेशंट आहे, एवढं कळणंसुद्धा संरक्षित माहितीत मोडतं. त्या मुलाला ओरडून काही होणार नाही. त्याला शंका विचारायला सॉफ्टवेअरच्या आतच जागा करून द्या, आणि फ्लोअरवर फोन नको हा नियम टीएललाही लावा.

असं काही घडलं तर घड्याळ कधी सुरू होतं? कायदा सांगतो, कळल्यापासून विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त साठ दिवसांत बिझनेस असोसिएटने क्लिनिकला कळवायचं. ‘कळलं’ म्हणजे मालकाला कळलं असं नाही. चूक ज्याने केली तो सोडून ऑफिसातल्या कोणाही एकाला कळलं, किंवा नेहमीची दक्षता ठेवली असती तर कळलं असतं, तो दिवस धरतात. आणि करारात साठ दिवस सहसा नसतातच. कोणी चोवीस तास लिहितं, कोणी बहात्तर. तो आकडा शोधा. शुक्रवारी रात्री न्यू जर्सीत आणि शनिवारी पहाटे पुण्यात कोणाला फोन करायचा, हे ठरलेलं नसेल तर चोवीस तास मान्य करू नका. क्लिनिकचं पुढचं काम मोठं असतं: पेशंटना कळवणं, आणि आकडा पाचशे किंवा त्याच्या वर गेला तर आरोग्य खात्यालाही त्याच साठ दिवसांत. त्यामुळे त्यांची घाई समजून घ्या.

जाता जाता एक: ‘हिपा सर्टिफाइड’ असं प्रमाणपत्र विकायला कोणी आलं तर तो प्रशिक्षणाचा कागद आहे एवढंच समजा. अमेरिकेचं सरकार असं कोणतंही प्रमाणपत्र देत नाही आणि तुमच्याकडे ते आहे म्हणून चौकशीत सूटही देत नाही.

बहिणीबद्दल. मालक हा मालक म्हणून कव्हर्ड एंटिटी नाही, आणि नोकरीच्या फाइलमधली आजारपणाची माहिती हिपाच्या व्याख्येतूनच वगळलीय. एचआरने तिला पत्र मागणं हा हिपाचा भंग नाही. कोविडच्या काळात लस घेतली का हे विचारण्यावरून हाच गैरसमज इतका पसरला की सप्टेंबर २०२१ मध्ये आरोग्य खात्याला त्यावर वेगळा खुलासा करावा लागला. पण एचआरने परस्पर तिच्या डॉक्टरला फोन केला आणि डॉक्टरने तिच्या लेखी संमतीशिवाय सगळं सांगून टाकलं, तर डॉक्टर चुकला. बंधन डॉक्टरवर आहे.

तिच्या कंपनीची स्वतःच्या पैशावर चालणारी आरोग्य विमा योजना असेल तर ती योजना मात्र हिपाखाली येते. एकाच कंपनीच्या इथे दोन वेगळ्या भूमिका असतात, मालकाची आणि योजनेची, आणि योजनेकडे आलेली क्लेमची माहिती एचआरने बढती-बदली ठरवायला वापरणं निषिद्ध आहे. एचआरला आवर घालणारे कायदे दुसरे आहेत. अपंगत्वविषयक कायदा म्हणजे एडीए मालकाला वैद्यकीय माहिती वेगळ्या, गोपनीय फाइलमध्ये ठेवायला लावतो. वैद्यकीय रजेच्या एफएमएलए कायद्यात तर डॉक्टरचं प्रमाणपत्र मागायचा हक्क मालकाला स्पष्ट दिलेला आहे. तिने पत्र द्यावं, पण डॉक्टरला सांगून त्यात रजेला लागेल तेवढंच लिहून घ्यावं. आणि हिपाखाली तिला स्वतःला कोर्टात दावा लावता येत नाही, तक्रारच करता येते, तीही साधारणपणे १८० दिवसांत, हे ध्यानात असू द्यावं.

राहिलं ॲप. पेशंटने स्वतः डाउनलोड केलं, स्वतः साखरेचे आकडे भरले, तर तुम्ही कोणाही डॉक्टरच्या वतीने काम करत नाही; हिपा नाही. तेच ॲप उद्या न्यू जर्सीतल्या एखाद्या दवाखान्याने विकत घेऊन आपल्या पेशंटना दिलं आणि आकडे तुमच्यामार्फत डॉक्टरकडे जायला लागले, की तुम्ही बिझनेस असोसिएट झालात. कोडची एक ओळही न बदलता. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन्ही प्रकारच्या ग्राहकांचा डेटा वेगळा ठेवता येईल अशी रचना करा. नंतर तो वेगळा करणं फार जिकिरीचं होतं.

हिपा नाही म्हणजे मोकळं रान असंही समजू नका. अशा ॲप्सकडे अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन बघतो. औषधांच्या सवलतीचं ॲप असलेल्या गुडआरएक्सने लोकांची औषधांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिली, म्हणून २०२३ मध्ये त्यांच्यावर पंधरा लाख डॉलरचा दंड ठरला. तो हिपाखाली नव्हता, आरोग्य माहितीच्या गळतीबद्दल कळवण्याचा कमिशनचा स्वतःचा नियम आहे त्याखाली होता. तुमच्या ॲपमध्ये फेसबुकचा किंवा दुसरा कोणाचा ट्रॅकर बसवलेला असेल तर तो काय उचलतो ते आजच तपासा. ‘साखर वाढली’ हे बटण दाबल्याची नोंद बाहेर जात असेल तर तीही आरोग्याची माहितीच आहे. भारतातले लोक ते वापरणार असतील तर आपला २०२३ चा कायदा तुम्हाला पूर्ण लागेल, आउटसोर्सिंगची सूट तिथे मिळणार नाही.

राज्यांचे कायदेही असतात आणि ते हिपापेक्षा कडक असू शकतात. वॉशिंग्टन राज्याचा २०२३ चा कायदा मुद्दाम हिपाच्या बाहेर राहिलेल्यांसाठीच केलाय, आणि तिथे ग्राहकाला स्वतः दावा लावता येतो. टेक्सासमध्ये तर ‘कव्हर्ड एंटिटी’ची व्याख्याच इतकी रुंद आहे की पेशंटची माहिती ज्याच्या हाती येईल असा जवळपास कोणीही तिच्यात बसतो. काही राज्यांच्या मेडिकेडच्या करारांत तर माहिती देशाबाहेर नेऊच नये अशी अट असते. हिपात अशी बंदी नाही.

म्हणून सही करण्याआधी क्लिनिकला तीन गोष्टी लेखी विचारा: त्यांचे काही पेशंट मेडिकेडचे आहेत का, काम भारतात होणार आहे हे त्यांनी विमा कंपन्यांशी झालेल्या करारांत तपासलंय का, आणि काम संपल्यावर डेटा परत द्यायचा की नष्ट करायचा. तिसऱ्याचं उत्तर करारात असायलाच लागतं, आणि नष्ट करायचं ठरलं तर जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्क आणि त्या मुलाच्या मोबाइलची गॅलरीसुद्धा त्यात येते. ही उत्तरं हातात आल्यावर करार तुमच्या सीएंकडे नको, अमेरिकेतलं आरोग्य क्षेत्र जाणणाऱ्या वकिलाकडे एकदा वाचायला द्या. नुकसानभरपाईच्या कलमाला वरची मर्यादा घालून मिळते का, ते त्यालाच विचारा. मागितली तर ती पुष्कळदा मिळते.